बेळगावला ओपन नको, मैदान हवं

पुणे–बेंगळूर महामार्गाच्या दोन्ही टोकांना बिलियर्ड्स आणि स्नूकरचे जगज्जेते घडले. विल्सन जोन्स १९२२ साली पुण्यात जन्मले. १९५८ साली कलकत्त्यात त्यांनी हौशी बिलियर्ड्सचं जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हा वैयक्तिक खेळात जगज्जेता ठरलेले ते पहिले भारतीय होते. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच, १९८५चा. पण तो वाढला बेंगळूरात, अरविंद सवूर यांच्या नजरेखाली त्याचा हात बसला, आणि २००३ साली चीनमध्ये, अठराव्या वर्षी, तो हौशी स्नूकरचा जगज्जेता झाला. मधल्या सव्वाआठशे-साडेआठशे किलोमीटरांत निपाणी आहे, संकेश्वर आहे, बेळगाव आहे, धारवाड-हुबळी आहे. या पट्ट्यात टेबलं नाहीत असं नाही, आणि पोरांना हात नाही असंही नाही.

बेळगावात टिळकवाडी-कॅम्प भागात संध्याकाळी कुठल्याही स्नूकर हॉलचा जिना चढून बघा. मराठी, कन्नड आणि कॅम्पातली दखनी एकाच वाक्यात फिरत असतात, गुण मात्र इंग्रजीत मोजले जातात. टेबलाचा दर तासावर, आणि ते पैसे हरणाऱ्यानं द्यायचे हा सगळीकडचा अलिखित नियम. म्हणजे चांगला खेळणारा फुकट खेळतो आणि शिकणारा त्याचे पैसे भरतो. वर्ष-दोन वर्षांत शिकणाऱ्याचा खिसा आटतो, चांगल्याला हॉलात कुणी जोडीदार उरत नाही, आणि दोघंही खेळ सोडतात. मग एखादा हॉलवाला उत्साहानं सिक्स रेडची, म्हणजे सहाच लाल चेंडूंच्या छोट्या स्नूकरची, स्पर्धा लावतो, करंडक देतो, फोटो निघतात. पुढच्या वर्षी त्या हॉलच्या जागी मोबाइलचं दुकान असतं.

यावर आपल्याकडे एक ठरलेला उपाय सुचवला जातो: बेळगावला एक मोठी ओपन, म्हणजे बाहेरच्या सगळ्यांना खुली, स्पर्धा आणा. मोठे खेळाडू येतील, टीव्हीवर नाव येईल, पोरं बघून शिकतील. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आल्यापासून तर आपल्याला प्रत्येक गोष्ट ‘आंतरराष्ट्रीय दर्जाची’च लागते. मला हा उपाय चुकीचा वाटतो. तो देशात करून झालेला आहे.

व्यावसायिक स्नूकरची मानांकन स्पर्धा, म्हणजे जिच्यावर जागतिक क्रमवारी ठरते ती, भारतात पहिल्यांदा भरली ती ऑक्टोबर २०१३ मध्ये, दिल्लीत. नाव इंडियन ओपन. मुंबईच्या आदित्य मेहतानं कमाल केली आणि थेट अंतिम फेरी गाठली. तिथं चीनच्या डिंग जुनहुईनं त्याला ५–० असं हरवलं. विजेत्याला पन्नास हजार पौंड मिळाले. त्यानंतर २०१५ साली स्पर्धा मुंबईत भरली, २०१६ साली हैदराबादला, २०१७ साली विशाखापट्टणमला, २०१९ साली कोचीला. पाच वेळा भरली ती पाच शहरांत, आणि दर वेळी मोठ्या हॉटेलात. पात्रता फेऱ्या इंग्लंडमध्ये. विजेत्यांची नावं बघा: डिंग, मायकेल व्हाइट, अँथनी मॅगिल, जॉन हिगिन्स, मॅथ्यू सेल्ट. २०१९ नंतर काही नाही. लग्नाचा मांडव उठावा तशी ही स्पर्धा प्रत्येक गावातून उठली. विशाखापट्टणमच्या पोरानं हिगिन्सला पाहिलं असेल, पुढच्या वर्षी त्यानं काय बघायचं होतं? मेहता अंतिम फेरीला पोचला तेव्हा ‘आता भारतात स्नूकर रुजणार’ असं म्हणणारे पुष्कळ होते. रुजायला एका जागी राहावं लागतं, एवढं साधं कुणी बोललं नाही.

आता दुसरीकडे बघू. ज्या भागाकडून आपल्याला खरंच काही घेता येईल तो म्हणजे वेल्स, ब्रिटनचा पश्चिमेकडचा डोंगराळ तुकडा. स्वतःची भाषा असलेला, कोळशाच्या खाणींवर जगलेला आणि लंडनकडे जरा तिरक्या नजरेनं बघणारा. लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास. आपला एकटा बेळगाव जिल्हा त्याहून मोठा आहे. या एवढ्याशा भागातून रे रिअर्डन, टेरी ग्रिफिथ्स आणि मार्क विल्यम्स असे तीन जगज्जेते आले. रिअर्डन सहा वेळा जिंकले, विल्यम्स तीनदा, ग्रिफिथ्स एकदा.

हे कसं झालं? उत्तर स्पर्धेच्याही आधी, खाणीत आहे. दक्षिण वेल्सच्या प्रत्येक खाणगावात कामगारांची संस्था असे. आपल्या पगारातून आठवड्याला थोडे पैसे कापून देऊन कामगारांनी ती उभी केलेली. एका बाजूला वाचनालय, एका बाजूला सभागृह, आणि त्यातच बिलियर्ड्सची टेबलं. १९२० च्या कायद्यानं तर निघणाऱ्या प्रत्येक टन कोळशामागे एक पेनी कामगार-कल्याणासाठी बाजूला काढायची सोय झाली. रिअर्डन ट्रेडिगर गावचे. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा उभी करणारे अन्यूरिन बेव्हनही त्याच गावचे, हे जाता जाता. रिअर्डन चौदाव्या वर्षी खाणीत उतरले, पुढे एका दरडीखाली काही तास गाडले गेले, वाचले, मग पोलिसात गेले, आणि तिथून व्यावसायिक स्नूकरमध्ये. वेल्सचाच दुसरा स्नूकरपटू डग माउंटजॉयही खाणीतलाच. ग्रिफिथ्स पोस्टमन होते, बसकंडक्टर होते, विमा विकत होते. क्लबाचं सभासदत्व परवडणारी ही माणसं नव्हेत. ज्या टेबलावर ते शिकले ते बापजाद्यांच्या पगारातून आलेलं होतं, आणि तिथं पोराला हाकलून द्यायचा अधिकार कुणा साहेबाला नव्हता.

स्पर्धा त्या टेबलांवर उभी राहिली. वेल्श व्यावसायिक अजिंक्यपद १९७७ साली पुन्हा सुरू झालं आणि १९८० पासून ते दरवर्षी भरू लागलं. फक्त वेल्सच्या व्यावसायिक खेळाडूंसाठी. एब्बू व्हेलसारख्या पोलाद-कोळशाच्या गावच्या क्रीडाकेंद्रात, सायडरच्या कंपनीच्या पैशावर. ऐंशीच्या दशकात ब्रिटनमध्ये स्नूकर टीव्हीवर तुफान चालत होतं, तेव्हा जागतिक व्यावसायिक संघटनेनं एक योजना काढली: कोणत्याही देशानं आपलं राष्ट्रीय व्यावसायिक अजिंक्यपद भरवलं तर दर खेळाडूमागे हजार पौंड आम्ही देऊ. झालं. स्कॉटलंड, इंग्लंड, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, सगळ्यांना अचानक राष्ट्रीय स्पर्धेचा उमाळा आला. १९८९च्या सुमारास ते अनुदान बंद पडलं आणि त्यांतल्या बहुतेक स्पर्धा लगेच झोपल्या. वेल्सची आणखी दोन वर्षं चालली, कारण तिला स्वतःचा प्रायोजक होता, स्वतःचा प्रेक्षक होता.

आपल्याकडच्या क्रीडासंस्थांना हे प्रकरण वाचून दाखवलं पाहिजे. वरून आलेल्या पैशावर सुरू झालेली स्पर्धा तो पैसा थांबला त्या दिवशी बंद पडते. यात कुणाचा दुष्टावा लागत नाही.

पण वेल्सची ती बंदिस्त स्पर्धा आदर्श होती असंही मी म्हणणार नाही. १९७७ ते १९९१ या काळातली सगळी विजेतेपदं चार जणांनी आपसांत वाटून घेतली: रिअर्डन, माउंटजॉय, ग्रिफिथ्स आणि शेवटची दोन वर्षं डॅरन मॉर्गन. माउंटजॉय एकटा पाच वेळा जिंकला. घरच्याच माणसांत खेळलं की असंच होतं. तेच चेहरे, तीच भांडणं, आणि जिंकणाऱ्यालाही ठाऊक की आपण बाहेरच्या कुणाला हरवलेलं नाही. १९९२ साली स्पर्धेची दारं उघडली, ती वेल्श ओपन झाली, न्यूपोर्टला भरली आणि पहिल्याच अंतिम सामन्यात स्कॉटलंडच्या स्टीफन हेन्ड्रीनं मॉर्गनला ९–३ असं झोपवलं. तेव्हापासून २०२५ पर्यंत ३४ वेळा ती झाली. वेल्सचा खेळाडू जिंकला फक्त दोनदा, १९९६ आणि १९९९ साली, आणि दोन्ही वेळा तो मार्क विल्यम्सच.

म्हणजे दार लावलं तर डबकं होतं आणि सताड उघडलं तर घरचा माणूस घरातच पाहुणा होतो. या दोन टोकांच्या मधे काय करायचं हा खरा प्रश्न आहे, आणि तो स्नूकरपुरता नाही. तरीही वेल्श ओपन आज उभी आहे, इंडियन ओपन नाही. न्यूपोर्ट, कार्डिफ, पुन्हा न्यूपोर्ट, पुन्हा कार्डिफ, परत न्यूपोर्ट, आता उत्तरेला लॅन्डिडनो. गावं बदलली, वेल्स सोडलं नाही. चषकाला रिअर्डनचं नाव दिलंय. २०२१ साली जागतिक क्रमवारीत ८१व्या असलेल्या जॉर्डन ब्राऊननं अनेकदा जगज्जेता ठरलेल्या रॉनी ओसलिव्हनला ९–८ असं हरवून ती जिंकली. असा दिवस यायला स्पर्धा तीस वर्षं जिवंत असावी लागते.

इथं मला कुणीतरी थांबवेल. वेल्सला जग वेगळा संघ मानतं, फुटबॉलला त्यांची जर्सी वेगळी असते. आपलं काय? बेळगावचा मराठी पोरगा खेळला तर कर्नाटकाकडून, आणि राज्य संघटनेचा कारभार बेंगळूरात. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर जायचं, सकाळी अंग आंबलेलं असताना अनोळखी टेबलावर पहिली फेरी खेळायची, हरायचं आणि रात्री परत त्याच गाडीनं यायचं. कोल्हापूर दोन-अडीच तासांवर आहे, पण तिथली राज्य स्पर्धा आपली नाही. १९५६ पासून हा तिढा आहे. महाजन आयोग होऊन गेला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. एक नोव्हेंबरला अर्धं शहर राज्योत्सव करतं आणि अर्धं काळा दिवस पाळतं. यात माझं मत काय आहे ते बेळगावच्या वाचकाला माझ्या भाषेवरूनच कळेल. पण न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत क्यू (खेळायची काठी) खुंटीला टांगून ठेवायचा असेल तर एक पिढी तशीच गेली आहे, दुसरीही जाईल.

आणि सीमाभागाच्या नावानं फक्त मराठी खेळाडूंची स्पर्धा भरवायची कल्पनाही मला मान्य नाही. ती वेल्सच्या जुन्या स्पर्धेसारखी आकसत जाईल. शिवाय आपल्या हॉलांतलं वास्तव तसं नाही. ज्याच्याकडून आपण शिकतो तो कन्नड बोलणारा असतो, ज्याला शिकवतो तो दखनी. स्पर्धेचा फलक मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही सारख्या आकाराच्या अक्षरांत असावा. याला दोन्हीकडचे काही लोक नाकं मुरडतील. मुरडू देत.

दार किती उघडायचं, याचं उत्तर शोधायला आपल्याला वेल्सलाही जायची गरज नाही. ते शहापुरात आनंदवाडीच्या आखाड्यात आहे. कुस्तीचं मैदान ही आपल्या भागातली सर्वांत जुनी व्यावसायिक क्रीडास्पर्धा आहे, फक्त तिला आपण त्या नावानं ओळखत नाही. तिची रचना नीट बघा. दुपारी पोरांच्या छोट्या कुस्त्या लागतात, किरकोळ इनामावर. मग तालुक्याच्या, जिल्ह्याच्या जोडी. ऊन उतरलं, हलगी चढली की मोठ्या कुस्त्या, आणि शेवटी एक नंबरची, तिच्यात कोल्हापूरचा, दावणगेरेचा, नाहीतर थेट पंजाब-हरियाणाचा पैलवान. गावच्या पोराला एक नंबरच्या कुस्तीत कुणी ढकलत नाही, पण त्याच मातीत, त्याच प्रेक्षकांसमोर, त्याच दिवशी तो खेळतो. चटकदार डाव मारला तर माइकवरून त्याच्या नावानं इनाम पुकारलं जातं. बाहेरचा पैलवान मानधन घेऊन जातो त्याचं कुणाला वाईट वाटत नाही, कारण पुढच्या वर्षी मैदान इथंच, याच वेळी आहे. पैसा कुणाचा? गल्लीतल्या व्यापाऱ्यांचा, शेतकऱ्यांचा, पंचमंडळींचा. कुठल्या राज्याच्या संघटनेनं मान्यता दिली की नाही हे हलगीवाल्याला माहीतही नसतं.

मैदानात दोष नाहीत असं कोण म्हणेल? जोडी ठरवताना ओळखीपाळखी चालतात, कुस्ती निकाली होईना की पंचांवर आरडाओरडा होतो. स्नूकरला तो त्रास कमी. चेंडू भोकात गेला की गेला.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. बेळगावात दरवर्षी एक सीमाभाग स्नूकर मैदान भरावं. बत्तीस खेळाडू. त्यांतल्या सोळा जागा बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हल्याळ, कारवार या आपल्या पट्ट्यातल्या खेळाडूंना, आधीच्या आठवड्यात चाचणी फेऱ्या घेऊन. उरलेल्या सोळा कुणालाही: कोल्हापूर, सांगली, पुणे, हुबळी, गोवा, बेंगळूर. आणि पहिल्या फेरीत घरचा विरुद्ध बाहेरचा अशीच जोड लावायची, चिठ्ठ्या टाकून. म्हणजे आपल्या सोळाही पोरांना बाहेरच्याशी एक पुरा सामना मिळतो, आणि कुणी पुढे गेलाच तर तो कुणाच्या मेहेरबानीनं गेलेला नसतो.

हे फार मोठं काम नाही. बाद पद्धतीत बत्तीस खेळाडूंचे एकतीस सामने. पाच फ्रेमचा (डावांचा) सामना, फ्रेमला वीस-पंचवीस मिनिटं धरली तर दोन तास. दोन टेबलांवर दिवसाला आठ-नऊ सामने आरामात होतात. चार दिवसांत स्पर्धा संपते. बक्षिसाचा हिशेबही सांगतो: विजेत्याला साठ हजार, उपविजेत्याला तीस, उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांना पंधरा-पंधरा, उपउपांत्य फेरीतल्या चौघांना साडेसात-साडेसात, त्याआधीच्या फेरीतल्या आठ जणांना तीन-तीन आणि पहिल्याच फेरीत हरलेल्या सोळा जणांना दीड-दीड हजार. एकूण एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. हरणाऱ्यानं टेबलाचे पैसे द्यायची आपली जी रीत आहे ती या चार दिवसांत उलटी फिरेल, हरणाऱ्यालाही काही मिळेल. पहिली जागतिक व्यावसायिक स्पर्धा १९२७ साली बर्मिंगहॅमला संपली, तिला दहा जणांनी नावं दिली होती. जिंकणाऱ्या जो डेव्हिसला साडेसहा पौंड मिळाले आणि खेळाडूंच्याच प्रवेशफीतला वाटा चषकावर खर्च झाला. आपण त्याहून बऱ्या स्थितीत आहोत.

दोन लाख कुठून आणायचे, हा प्रश्न बेळगावात विचारणं म्हणजे गंमत आहे. इथं गल्लोगल्ली सहकारी पतसंस्था आहेत. संचालकांच्या फोटोंची दिनदर्शिका छापायला त्यांना पैसे कमी पडल्याचं मी ऐकलेलं नाही. उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, तिथल्या कामगारांची पोरंच तर हॉलांत दिसतात. दहा संस्थांनी वीस-वीस हजार दिले की झालं. अट एकच: कुणा एकाचं नाव स्पर्धेला नको. दहांतल्या दोन गळल्या तर त्या वर्षी बक्षीस थोडं कमी होईल, स्पर्धा पडणार नाही. एक बडा प्रायोजक किंवा एक आमदार धरला की त्याची मर्जी जाईपर्यंतच दिवस असतात. निवडणुकीच्या वर्षात भरलेले आणि नंतर नाहीसे झालेले किती ‘चषक’ आपण पाहिलेत, मोजायला बसलो तर लेख तिथंच संपेल.

याहून अवघड अडचण वेगळी आहे, आणि ती पैशाची नाही. पोरगं हॉलवर जातं, हे आपल्या घरांत ज्या सुरात बोललं जातं तो सूर. सिगारेट, पैज, शाळा-कॉलेज बुडवणं. हे आरोप खोटे नाहीत. हॉलांत पैजा लागतात हे लपवण्यात अर्थ नाही. कायद्याच्या दृष्टीनं हा कौशल्याचा खेळ आहे आणि १९६३च्या कर्नाटक पोलीस कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना जुगाराच्या कलमांतून सूट आहे. पण परवान्याच्या टेबलावर बसलेल्या माणसाला हॉल म्हटलं की अड्डाच दिसतो, आणि हॉलवालाही मग तसाच वागू लागतो. माझा अनुभव असा की जिथं उघड बक्षीस असतं तिथं चोरट्या पैजेची मजा उतरते. ज्याला जानेवारीत शंभर माणसांसमोर खेळायचंय तो नोव्हेंबरात दोनशे रुपयांच्या पैजेवर हात बिघडवत नाही. पैज बंद होणार नाही. तिच्या शेजारी एक बरा मार्ग मात्र तयार होईल.

‘हा साहेबाचा खेळ, आपला नव्हे’ हे दुसरं. स्नूकर जन्मला तोच आपल्याकडे: १८७५च्या पावसाळ्यात, जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याच्या हातून, आणि त्याचे नियम ठरले १८८२ साली उटीच्या क्लबात. बेळगाव हे छावणीचं गाव. हॉकी आपण छावणीकडूनच घेतली आणि १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या संघात आपले बंडू पाटील होते. तेव्हा हॉकी साहेबाची आहे म्हणून कुणी अडवलं नाही. फरक एवढाच की हॉकी मैदानावर होती, सगळ्यांना दिसत होती. बिलियर्ड्सचं टेबल क्लबाच्या आत राहिलं.

आणि त्या टेबलाशेजारी मार्कर राहिला. क्लबात गुण मोजणारा, क्यू पुसून ठेवणारा, चेंडू मांडणारा, सभासदाला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळणारा, आणि बहुतेक वेळा सभासदाहून कितीतरी चांगला खेळणारा माणूस. वर्षानुवर्षं तो तिथं असतो, पण भिंतीवरच्या विजेत्यांच्या फळीवर त्याचं नाव येत नाही, कारण स्पर्धा सभासदांची. मला विचाराल तर सीमाभागातला सर्वांत जुना व्यावसायिक स्नूकरपटू हाच. सोळा स्थानिक जागांच्या चाचणीत मार्करांना प्रवेशफी माफ असावी, आणि ज्या क्लबात ते काम करतात त्यानं चार दिवसांची रजा पगारासह द्यावी. क्लबांनी याला नाही म्हटलं तर तेही वर्तमानपत्रात छापून यावं.

मुलींबद्दल थोडक्यात. बेंगळूरच्या विद्या पिल्लै २०१७ साली जागतिक महिला स्नूकरच्या अंतिम सामन्यात शेवटच्या फ्रेमपर्यंत गेल्या, ६–५ अशा हरल्या. बेळगावात हॉलचा जिना चढणाऱ्या मुलीला आजही सगळे क्यू थांबवून बघतात. आठ मुलींची स्वतंत्र स्पर्धा, याच हॉलात, याच दिवसांत, सकाळच्या सत्रात सुरू करता येईल. आठ मिळाल्या नाहीत तर चार जणींची.

तारखेचा विचार आत्ताच झाला पाहिजे. आपल्याकडचा पाऊस ठाऊक आहेच. जून ते सप्टेंबर टेबलावरचं लोकरी कापड ओल धरतं, चेंडू निम्म्यात थांबतो, कुशन, म्हणजे टेबलाची रबरी कड, मेल्यासारखी होते. व्यावसायिक स्पर्धांत पाटीच्या दगडाखाली विजेचे हीटर बसवून टेबल गरम ठेवतात. आपल्या हॉलांत ते बसवायला निघालो तर बक्षिसाचे पैसे त्यातच जातील. दिवाळीनंतर हवा कोरडी होते. पण डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असतं, सगळं बेंगळूर इथं येऊन बसतं आणि लॉजवर खोली मिळत नाही. कोल्हापूर-हुबळीहून येणाऱ्या खेळाडूला झोपायचं कुठं? तेव्हा जानेवारीचा दुसरा पंधरवडा, संक्रांतीनंतर.

राहिला मान्यतेचा मुद्दा. राज्य संघटनेला निमंत्रण द्यावं, पंच पाठवायची विनंती करावी, महाराष्ट्राच्या संघटनेलाही तसंच पत्र जावं. पंच आले तर उत्तम, नाही आले तर आपल्या भागातल्या चार जुन्या खेळाडूंना आधी नियमांची उजळणी करायला बसवावं. फ्रेममध्ये वाद होतात ते दोन-तीन ठरलेल्या गोष्टींवरच, मुख्यतः फाऊलनंतर चेंडू परत कुठं ठेवायचे यावर. पहिली पाच वर्षं हॉल बदलू नये, जाहिरातीत तारीख आधी आणि प्रायोजक नंतर छापावेत, आणि बक्षिसाचे धनादेश अंतिम सामन्याच्या दिवशीच, टेबलाशेजारी वाटावेत. आपल्याकडे बक्षीस ‘नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्या स्पर्धांचा अनुभव खेळाडूंना पुरेसा आहे, आणि दुसऱ्या वर्षी बाहेरच्या सोळा जागा भरतील की नाही ते त्या एका संध्याकाळीच ठरतं.